प्रतिजैविकांशिवाय जिवाणू मारणारे ‘नॅनोझाइम’ : न भरणाऱ्या जखमेसाठी त्यांचा उपयोग कितपत शक्य आहे?

माणदेशी_७१ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझे वडील ७४ वर्षांचे असून गेली १९ वर्षे त्यांना मधुमेह आहे. मागच्या पावसाळ्यात चपलेचा चावा लागून उजव्या अंगठ्याखाली झालेली लहानशी जखम अजूनही भरलेली नाही. पू तपासणीला पाठवला तेव्हा त्यात स्यूडोमोनास आणि मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस असे दोन जिवाणू सापडले, आणि अहवालातील प्रतिजैविकांच्या यादीत बहुतेक नावांपुढे ‘आर’ हे अक्षर छापलेले होते. त्या अक्षराचा अर्थ ‘हा जिवाणू या औषधाला जुमानत नाही’ असा असतो, हे मला त्या दिवशी कळले. उरलेल्या दोन औषधांपैकी एक वडिलांच्या मूत्रपिंडांना सोसणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. दुसरे सध्या शिरेतून चालू आहे.

मी शिक्षणाने वाणिज्य शाखेचा आहे, परंतु रात्री जागरण करताना जे हाती लागेल ते वाचतो. त्यात ‘नॅनोझाइम’ हा शब्द वारंवार येतो. एन्झाइमसारखे, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातील विकरांसारखे काम करणारे धातूंचे अतिसूक्ष्म कण जिवाणूंना प्रतिजैविकांशिवाय मारतात, असे लिहिलेले असते. माझ्या शंका अशा आहेत. निर्जीव कण विकराचे काम करतो म्हणजे नेमके काय करतो? जखमेवर लावण्यासाठी आम्हाला चांदीचे मलम दिले आहे, त्यापेक्षा हे वेगळे कसे? जिवाणू जसे औषधांना सरावले तसे या कणांनाही सरावणार नाहीत का? आणि आज, या घडीला, माझ्या वडिलांच्या पायासाठी यातले काही उपलब्ध आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. उत्तर निराशाजनक असले तरी चालेल, मात्र ते खरे असावे.

रसायनप्रेमी यांचे उत्तर

आपल्या वडिलांना लवकर आराम पडो. मी उत्प्रेरकांवर काम करतो, वैद्यक नाही. म्हणून रसायनापुरते लिहितो.

सुरुवात आपल्या वडिलांच्या शरीरापासूनच करू. जखमेत जमणाऱ्या पुवाला हिरवट झाक असते, तिचे एक कारण म्हणजे पांढऱ्या पेशींमधील मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर. त्याचा स्वतःचा रंग हिरवा आहे. पांढरी पेशी जिवाणूला गिळते, आपल्या आत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि हे विकर त्या पेरॉक्साइडपासून व शरीरातल्या मिठातील क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल बनवते, जे पाणी शुद्ध करण्याच्या क्लोरीनच्या द्रावणात असते तेच. म्हणजे प्रतिजैविकांचा शोध लागण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून प्राण्यांची शरीरे पेरॉक्साइड आणि त्याला धार लावणारे विकर या जोडीने जिवाणू मारत आली आहेत. नॅनोझाइम हा त्या जोडीतल्या विकराच्या जागी बसवलेला कण आहे.

‘नॅनोझाइम’ हे नाव २००४ साली इटलीतील पास्क्वातो आणि स्क्रिमिन यांच्या गटाने प्रथम वापरले, तेव्हा ते सोन्याच्या कणांवर मुद्दाम जोडलेल्या उत्प्रेरक रेणूंसाठी होते. खरी कलाटणी २००७ साली मिळाली. बीजिंगमधील यान शियुन यांच्या गटाने दाखवून दिले की लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइटचे, अतिसूक्ष्म कण त्यांच्यावर काहीही जोडलेले नसताना पेरॉक्सिडेजचे, म्हणजे पेरॉक्साइड वापरून दुसऱ्या रेणूचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकराचे, काम करतात. तोपर्यंत हे कण रासायनिकदृष्ट्या मुके समजले जात आणि इतर रेणू वाहून नेण्यासाठीच वापरले जात. पेरॉक्साइडच्या सान्निध्यात त्यांनी चाचणीचे रंगहीन द्रव्य निळे केले, जे प्रयोगशाळेत एरवी एका तिखट मुळापासून काढलेले विकर करते. शिवाय ते विकर थोड्याशा उष्णतेने निकामी होते, तर हे कण ९० अंशांपर्यंत तापवून ठेवल्यावरही काम करत राहिले. माझ्या मते या शाखेचे सगळे आकर्षण या एका निरीक्षणात आहे.

आता कण नेमके काय करतो ते पाहू. १८९४ साली हेन्री फेन्टन यांनी लोहाचे क्षार आणि पेरॉक्साइड यांच्या एकत्र येण्याने होणाऱ्या तीव्र ऑक्सिडीकरणाचे वर्णन केले. त्या अभिक्रियेत पेरॉक्साइडचा रेणू दुभंगून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे जोडीचा इलेक्ट्रॉन हरवलेला तुकडा, सुटतो. हा मूलक इतका अधाशी असतो की पेशीच्या आसपास त्याचे आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागाएवढे असते, कारण जो रेणू प्रथम भेटेल त्याचा इलेक्ट्रॉन तो ओढून घेतो. जिवाणूच्या पटलातील मेद, प्रथिने, डीएनए यांपैकी काहीही त्याला चालते. कणाच्या पृष्ठभागावरील लोहाचे अणू दोन अवस्थांमध्ये आलटून पालटून फिरत राहतात, त्यामुळे कण संपत नाही आणि पेरॉक्साइड मिळत राहिले तर काम चालू राहते. चांदीच्या मलमाशी मुख्य फरक इथे आहे. चांदी आयनरूपाने झिरपून जिवाणूच्या प्रथिनांना चिकटते आणि त्या कामी खर्च होते. नॅनोझाइम हा तत्त्वतः खर्च न होणारा कामगार आहे.

लोहाशिवाय इतर पदार्थही आहेत. समुद्रातील काही शैवले व्हॅनेडियम असलेल्या विकराने ब्रोमाइडपासून हायपोब्रोमस आम्ल बनवतात आणि आपल्या अंगावर जिवाणू साचू देत नाहीत. जर्मनीतील माइंझ येथील गटाने २०१२ साली व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या सूक्ष्म तारांकडून हेच काम करून घेतले. त्या तारा रंगात मिसळल्या, तर समुद्राच्या पाण्यात मुळातच असलेल्या अत्यल्प पेरॉक्साइडवर हे काम चालते आणि पृष्ठभागावर जिवाणू व शेवाळ यांचा थर धरत नाही. आमच्याकडे कोकणात होडी दरवर्षी किनाऱ्यावर ओढून तिचा तळ खरवडावा लागतो, त्यामुळे हा प्रयोग मला विशेष जवळचा वाटला. मेलबर्न येथे विपुल बन्सल यांच्या गटाने तांब्याच्या ऑक्साइडचे कण प्रकाशाने चेतवून हायड्रॉक्सिल मूलक मिळवले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. मुगेश यांच्या गटाचे काम याहून वेगळ्या वाटेचे आहे. त्यांचे सिरियम ऑक्साइडचे कण मूलकांवर विसंबत नाहीत. ते जिवाणूच्या पटलातील फॉस्फोलिपिडांचे, म्हणजे ज्या फॉस्फेटयुक्त मेदांचे पटल बनते त्यांचे, फॉस्फेटचे बंधच तोडतात. मूत्रमार्गात घालण्याच्या नळ्यांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थरासाठी त्यांनी हे तपासले आहे.

आपल्या तिसऱ्या शंकेबद्दल माझे मत असे की मूलक एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालत असल्याने त्याला प्रतिकार निर्माण होणे जवळजवळ अशक्य आहे. प्रतिजैविक म्हणजे एका कुलपाची किल्ली. कुलूप बदलले की किल्ली निरुपयोगी. इथे घाव कुलपावर नाही, सगळ्या दारावर आहे.

सूक्ष्मजीव_शिक्षिका यांचे उत्तर

रसायनप्रेमी यांनी रसायन फार चांगले उलगडले आहे. मात्र त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, आणि मुद्दा महत्त्वाचा असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

‘अनेक ठिकाणी घाव, म्हणून प्रतिकार नाही’ हे विधान चांदीबद्दलही केले जात असे. १९७५ साली बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात चांदीच्या औषधाला न जुमानणारा साल्मोनेला आढळला आणि त्यात रुग्ण दगावले. चांदी पेशीबाहेर फेकण्याची यंत्रणा त्या जिवाणूने एका प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या डीएनएच्या कड्यावर, बाळगलेली होती. त्यामुळे ‘अशक्य’ हा शब्द जिवाणूंच्या बाबतीत वापरताना मी वर्गातही कचरते.

ऑक्सिजनच्या मूलकांशी तर जिवाणूंचा फार जुना संबंध आहे. आपल्या वडिलांच्या जखमेतील दोन्ही जिवाणूंकडे कॅटलेज हे विकर असते, जे पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. जखमेवर पेरॉक्साइड टाकले की येणारा फेस काही अंशी याच विकराची करणी असतो. सोनेरी स्टॅफिलोकोकसचा सोनेरी रंगही नुसता शोभेचा नाही. ते रंगद्रव्य मूलकांना विझवते, आणि ते बनवू न शकणारे स्टॅफिलोकोकस पांढऱ्या पेशींच्या तावडीत लवकर सापडतात. ई. कोलायमध्ये पेरॉक्साइड वाढल्याची खबर घेणारे एक प्रथिन असते, जे क्षणार्धात बचावाची जनुके चालू करते. हायड्रॉक्सिल मूलकाला थेट विझवणारे विकर कोणाकडेच नाही हे खरे, पण मूलक तयार होण्यापूर्वीच त्याचा कच्चा माल संपवता येतो. म्हणून मी एवढेच म्हणेन की प्रतिकार कठीण आहे, संथ आहे, आणि एकाच जनुकातील एका बदलाने तो येण्याची शक्यता कमी आहे.

दुसरी गोष्ट जैवपटलाची. जुनाट जखमेत जिवाणू सुटे नसतात. ओढ्यातल्या दगडावर जसा बुळबुळीत थर बसतो तसा शर्करा, प्रथिने आणि मेलेल्या पेशींचा डीएनए यांचा गिलावा करून ते त्याखाली राहतात. आतले जिवाणू जवळजवळ निद्रिस्त असतात, आणि वाढणाऱ्या पेशीवरच काम करणारी प्रतिजैविके त्यांच्यापाशी निष्प्रभ ठरतात. अहवालात औषधापुढे ‘एस’ म्हणजे लागू असूनही जखम भरत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे. नॅनोझाइमकडून मला खरी आशा आहे ती या ठिकाणी, कारण मूलक जिवाणूबरोबर त्याचा गिलावाही तोडतात, आणि सिरियमवर आधारलेली काही द्रव्ये त्यातील डीएनएचे धागे कापतात. जिवाणू झोपलेला आहे की जागा, याने त्यांना फरक पडत नाही.

परंतु सुक्याबरोबर ओलेही जळते. मूलकाला जिवाणूचे पटल आणि आपल्या पेशीचे पटल यांत भेद करता येत नाही, आणि फॉस्फोलिपिड तर दोन्हींकडे आहे. कण जिवाणूलाच चिकटेल अशी व्यवस्था केली तरच निवड साधते. रक्तात सोडलेले कण मोठ्या प्रमाणात यकृत आणि प्लीहा यांत जाऊन बसतात. त्यामुळे रक्तातल्या संसर्गावर नॅनोझाइमची सुई ही कल्पना मला आज दूरची वाटते. त्वचा, दात, नळ्या, उपकरणे ही त्यांची जवळची क्षेत्रे आहेत.

जाता जाता एक आकडा देते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंची जगातली संख्या सुमारे १२ लाख ७० हजार होती, असा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केलेला अंदाज आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो दरवर्षी फळ्यावर लिहायला लावते.

दंतवैद्य_सातारा यांचे उत्तर

प्रश्न जखमेचा असला तरी माणसांवरील चाचणीपर्यंत ही कल्पना कुठे पोहोचली आहे हे कळावे म्हणून माझ्या क्षेत्रातले लिहितो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ह्युन कू यांच्या गटाने, २००७ च्या शोधातील संशोधक गाओ लिझेंग यांच्यासह, २०१६ साली दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्सच्या थरावर लोह ऑक्साइडचे कण आणि १ टक्का पेरॉक्साइड वापरले. पाच मिनिटांत ९९.९ टक्क्यांहून अधिक जिवाणू मेले, आणि उंदरांमध्ये दात किडणे लक्षणीय कमी झाले. नुसते तेवढेच पेरॉक्साइड याच्या जवळपासही पोहोचले नाही. २०१८ साली त्याच गटाने नवा कण बनवण्याऐवजी फेरुमॉक्सिटॉल वापरून पाहिले. हे रक्तक्षयावर शिरेतून देण्याचे लोहाचे औषध अमेरिकेत २००९ पासून मान्यताप्राप्त आहे, आणि तेही मुळात शर्करेच्या आवरणातले लोह ऑक्साइडचे कणच आहेत. पुढे २०२१ साली काही स्वयंसेवकांच्या तोंडात दाताच्या आवरणाचे तुकडे बसवलेली कवळीसारखी पट्टी ठेवून, दिवसातून दोनदा आधी हे औषध आणि मग पेरॉक्साइड लावून पाहिले. म्यूटन्सचा थर कमी झाला आणि तोंडातल्या इतर जिवाणूंना फारसा धक्का लागला नाही.

हे तोंडात जमते याचे कारण आम्लता. साखर खाल्ली की दातावरील थरात म्यूटन्स आम्ल तयार करतो आणि तिथला सामू, म्हणजे पीएच, ५.५ च्या खाली उतरतो. लोहाचा कण आम्लातच पेरॉक्सिडेजसारखा वागतो. जिथे सामू उदासीन असतो तिथे तोच कण कॅटलेजसारखा वागून पेरॉक्साइडचे निरुपद्रवी पाणी आणि ऑक्सिजन करतो. म्हणजे जो जिवाणू आम्ल करतो त्याच्याच दारात हत्यार उपसले जाते. मला यातले औचित्य फार आवडते, आणि म्हणूनच दुसऱ्या ठिकाणी ते आपोआप लागू पडेल असे धरू नये.

माणदेशी_७१

आपणा तिघांचेही मनापासून आभार. दोनदा वाचले, आणि वडिलांनाही वाचून दाखवले. दंतवैद्यांच्या उत्तरावरून प्रश्न पडला की वडिलांच्या जखमेतला सामू किती असतो? तसेच आमच्या एका नातेवाइकांनी सुचवले आहे की औषधाच्या दुकानातून पेरॉक्साइड आणून रोज जखमेत घालावे आणि लोहाच्या गोळीची पूड टाकावी, म्हणजे तेच साधेल. मला धीर होत नाही, पण नाही म्हणायला कारणही देता येत नाही.

रसायनप्रेमी

आधी शिक्षिकाबाईंचे म्हणणे मान्य करतो. ‘जवळजवळ अशक्य’ हे शब्द मी मागे घेतो. पेरॉक्साइड संपवून टाकण्याचा मार्ग मी लक्षातच घेतला नव्हता.

नातेवाइकांचा सल्ला कृपया अजिबात मानू नका, आणि त्याची कारणे अशी आहेत. दुकानातले पेरॉक्साइड साधारण ३ टक्क्यांचे असते आणि जखम भरून आणणाऱ्या नव्या पेशींनाच ते रोज मारते. खोल किंवा बंद पोकळीच्या जखमेत ते दाबाने घातले तर सुटणारा ऑक्सिजन रक्तवाहिनीत शिरण्याचा धोका असतो. गोळीतील लोह हा विरघळणारा क्षार असतो, नियंत्रित पृष्ठभागाचा कण नव्हे. तो जखमेभर पसरेल आणि मूलक कुठे तयार होतील यावर कोणाचाच ताबा राहणार नाही. शिवाय मोकळे लोह हे जिवाणूंचे अन्न आहे. स्यूडोमोनास तर ते गोळा करण्यासाठी खास रेणू बनवून बाहेर सोडतो. म्हणजे ज्याला मारायचे त्यालाच आपण जेवू घालू.

सामूचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, पण जुनाट जखम बहुधा उदासीन ते अल्कधर्मी असते. मोजमापे साधारण ७ ते ९ च्या दरम्यान येतात. म्हणजे दातावर यशस्वी झालेला लोहकण अशा जखमेवर नुसता टाकला तर तो पेरॉक्साइडचे पाणी करत बसेल. शिवाय जखमेतल्या स्रावातील प्रथिने कणावर चिकटून त्याचा पृष्ठभाग झाकतात, आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ द्रावणात मिळालेला परिणाम तिथे मिळत नाही. आणखी एक अडचण म्हणजे वेगवेगळ्या प्रयोगशाळा आपापल्या कणांची ताकद आपापल्या पद्धतीने मोजत आल्या. पेरॉक्सिडेजसारख्या नॅनोझाइमची ताकद मोजण्याची एक समान पद्धत २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्याआधीच्या निबंधांतील आकड्यांची तुलना मी स्वतः जपूनच करतो.

मधुमेही जखमेसाठी मात्र एक मार्ग काढला जात आहे, आणि तो वडिलांना सांगण्यासारखा आहे. लोहकणाबरोबर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर जोडतात. ते जखमेतल्या स्रावातील साखर घेऊन तिचे ग्लुकॉनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड करते. आम्लामुळे सामू उतरतो, लोहकण जागा होतो, आणि त्याला लागणारे पेरॉक्साइड जागेवरच, थोडे थोडे मिळत राहते; ज्या साखरेवर जिवाणू पोसतात तीच त्यांच्यावर उलटवली जाते. असे प्रयोग मधुमेही उंदरांवर झाले आहेत. ग्राफीनच्या ठिपक्यांची पट्टी करून अगदी थोड्या पेरॉक्साइडसह उंदरांच्या जखमेवर लावल्याचे काम चीनमधील चांगचुन येथील गटाने २०१४ सालीच प्रसिद्ध केले होते. परंतु औषधाच्या दुकानात जाऊन घ्यावी अशी नॅनोझाइमची पट्टी आज तुम्हाला सांगण्यासारखी नाही. आपण खरे उत्तर मागितले होते, ते हे आहे.

सूक्ष्मजीव_शिक्षिका

एक व्यावहारिक गोष्ट जोडते. जैवपटल मोडण्याचे जे काम आपण नॅनोझाइमकडून अपेक्षितो आहोत, ते आज शल्यचिकित्सकाच्या हातातील पाते करते. मेलेली ऊती आणि बुळबुळीत थर खरवडून काढल्यावर सुमारे एक-दोन दिवस उरलेले जिवाणू उघडे पडलेले असतात, आणि शिरेतून चाललेले औषध त्या काळात अधिक चांगले पोहोचते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: असे खरवडणे पुन्हा करायचे आहे का, पायाचा रक्तपुरवठा डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या तपासणीने, पाहिला आहे का, आणि अंगठ्याखाली चालताना येणारा भार काढण्यासाठी वेगळे पादत्राण देता येईल का. पू पुन्हा तपासणीला पाठवायचा झाला तर वरवरचा न घेता, जखम स्वच्छ केल्यावर तळातून नमुना घ्यावा अशी विनंती करा; वरचा पू पृष्ठभागावरच्या पाहुण्यांचीच नावे सांगतो.

माणदेशी_७१

गुरुवारी जाऊन आलो. खरवडणे त्याच दिवशी केले, नमुना तळातून घेतला, आणि डॉपलरसाठी पुढच्या सोमवारची वेळ मिळाली आहे. पादत्राणासाठी पायाचे माप दिले. घरातली पेरॉक्साइडची बाटली मी नातेवाइकांना परत केली, आणि या वेळी कारणही सांगता आले. नव्या तपासणीचा अहवाल आला की इथे लिहीन.